हिंवाळ्यांत निजलेली नौका आणि तिचें ऊन पाणी

आषाढ लागला म्हणजे मचवे आणि पडाव किनाऱ्यावर ओढून घ्यावयाचे, झापांनीं शाकारावयाचे, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण होईपर्यंत त्यांना हलवावयाचें नाहीं, ही कोंकणची जुनी चाल श्रोत्यांना सुपरिचित आहे. वर्षांतून कांहीं महिने नौकेनें विश्रांति घ्यावी हा नियम मात्र एकट्या कोंकणचा नव्हे. उत्तरेकडील थंड देशांत तो हिंवाळ्यास लागू आहे. भेद इतकाच कीं, कोंकणांत नौकेला भय असतें तें बाहेरच्या पाण्याचें. तिकडे त्याहून मोठें भय असतें तें नौकेच्या पोटांत राहून गेलेल्या पाण्याचें. टाकींत, नळांत किंवा झडपेच्या कोपऱ्यांत राहिलेलें शेरभर पाणी कडाक्याच्या एका रात्रींत गोठतें आणि तांब्याचा नळ उसवून टाकतें. म्हणून इंग्लंड, हॉलंड, स्वीडन, उत्तर अमेरिका अशा देशांतील नौकावाले लोक शरद ऋतूंत आपल्या नौकेवरील ऊन पाण्याची सर्व योजना रिकामी करतात आणि वसंतांत ती पुन्हां यथाक्रम चालू करतात. हें काम वरवर पाहतां घरगुती, जवळ जवळ क्षुल्लक वाटतें. परंतु त्याच्या प्रत्येक पायरीमागें कोणाचा तरी अनुभव, आणि कित्येक ठिकाणीं कोणाचा तरी प्राण, खर्ची पडलेला आहे.

नौकेच्या वार्षिक विश्रांतीचा एक फार जुना लेखी नियम ग्रीस देशाच्या हेसिअड या कवीच्या शेतकीविषयक काव्यांत सांपडतो. हा कवि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास बिओशिया प्रांतांत होऊन गेला. समुद्राची त्याला मुळींच आवड नव्हती. आयुष्यांत एकदांच त्यानें जलप्रवास केला, आणि तोही यूबिआ बेटापर्यंतच्या अरुंद सामुद्रधुनीचा. तथापि शेतकऱ्याच्या व्यवहारी दृष्टीनें तो आपल्या भावास सांगतो कीं, हिंवाळा जवळ आला म्हणजे नौका जमिनीवर ओढून घ्यावी, वाऱ्यानें हलूं नये म्हणून तिच्याभोंवतीं दगड रचावे, शिडें व दोरखंड घरांत नेऊन ठेवावे, सुकाणूं चुलीच्या धुरावर टांगावें, आणि मुख्य म्हणजे नौकेच्या तळाचें बूच काढून ठेवावें. म्हणजे पावसाचें पाणी आंत सांचून लांकूड कुजणार नाहीं. या उपदेशांतील इतर गोष्टी काळाबरोबर बदलल्या. बूच काढून ठेवण्याची गोष्ट मात्र सत्तावीसशें वर्षांनंतरही तशीच उभी आहे. निजावयास जाणाऱ्या नौकेंत पाणी राहूं द्यावयाचें नाहीं, हें तिचें सार होय.

रोमन लोकांनीं या रिवाजाला कायद्यासारखें रूप दिलें. युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजिशियस हा ग्रंथकार सांगतो कीं, ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत समुद्र बंद समजावा. ५ मार्च रोजीं इसिस देवीच्या नांवानें एक सजविलेली नौका समुद्रांत सोडून जलप्रवासाच्या ऋतूचा आरंभ करीत. नारळी पौर्णिमेचा सोहळा पाहिलेल्या मनुष्यास हें वर्णन परकें वाटणार नाहीं. भूमध्य समुद्रावरील ही बंदी मात्र वादळांमुळें आणि ढगाळलेल्या आकाशामुळें होती. तेथें थंडीनें नौकेचें पोट फुटण्याचें भय नव्हतें. तें भय जाणण्यास मनुष्याला अधिक उत्तरेकडे जावें लागलें.

बहुतेक सर्व पदार्थ थंड होतांना आकसतात. पाणीही ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत आकसतें. परंतु त्याच्या खालीं गेलें कीं तें उलट पसरूं लागतें, आणि बर्फ होतांना तर त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. या वाढीचें सामर्थ्य किती असतें याची परीक्षा सतराव्या शतकांत फ्लॉरेन्स येथील विद्वन्मंडळानें धातूचीं भांडीं पाण्यानें भरून व गोठवून पाहिली. त्याच सुमारास, १६६७ मध्यें, क्रिस्तिआन हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानें लोखंडी नळी पाण्यानें भरून, दोन्ही तोंडें बंद करून थंडींत ठेवली, आणि ती फुटली. पुढें १७८४-८५ च्या हिंवाळ्यांत कॅनडांतील क्वेबेक येथें मेजर विल्यम्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें लोखंडी बॉम्बगोळे पाण्यानें भरले, त्यांच्या तोंडांत लोखंडी बुचें ठोकून बसविलीं, आणि ते रात्रभर उघड्यावर ठेवले. एका गोळ्याचें बूच उडून चारशें फुटांहून अधिक अंतरावर जाऊन पडलें. ज्या गोळ्यांचीं बुचें घट्ट बसलीं होतीं, ते गोळेच तडकले आणि भेगेंतून बर्फाची पात बाहेर आली. दारूगोळ्याचें काम जेथें साध्या पाण्यानें केलें, तेथें घरगुती नळाची काय कथा?

यांत एक फसवी गोष्ट आहे. नळ फुटतो तो थंडींत. परंतु फुटलेला दिसतो तो वसंतांत. जोंवर आंत बर्फ आहे तोंवर तोच बर्फ भेगेला बुजवून धरतो. ऊब आली, बर्फ वितळला, आणि पाण्याला वाट मिळाली म्हणजे मग हिंवाळ्यांतील अपघात उघडकीस येतो. म्हणून नौका पुन्हां चालू करण्याचें काम हें मुख्यत्वेंकरून परीक्षेचें काम आहे.

गोठण्यापासून होणारें नुकसान केवळ पैशांचें नसतें, हें इंग्रज नाविक विल्यम पॅरी याच्या सफरीवरून ध्यानांत येतें. १८१९ सालीं 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' हीं दोन जहाजें घेऊन तो उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतून पश्चिमेचा मार्ग शोधण्यास निघाला. मेलव्हिल बेटाच्या किनाऱ्यावर त्याला हिंवाळ्यानें गांठलें, आणि १८२० च्या आगस्टपर्यंत हीं जहाजें बर्फांत अडकून राहिलीं. स्कर्व्ही या रोगावर नाविकांचा आधार म्हणजे लिंबाचा रस. तो बाटल्यांत भरलेला होता. थंडीनें रस गोठला, बाटल्या फुटल्या, आणि सांठ्याचा मोठा भाग वायां गेला. जानेवारीच्या आरंभीं 'हेक्ला'वरील एका अधिकाऱ्याच्या अंगावर स्कर्व्हीचीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां पॅरीनें आपल्या खोलींतून जाणाऱ्या शेगडीच्या नळाशेजारीं मातीच्या पेट्या ठेवून त्यांत मोहरी व हळीव यांचीं रोपें वाढविलीं आणि तीं त्या रोग्याला खाऊं घातलीं. थोड्याच दिवसांत रोगी सुधारला. ज्या बर्फाळ रात्रींनीं औषधाच्या बाटल्या फोडल्या, त्याच रात्रींत एका नळाच्या उबेनें मनुष्य वांचविला. १८२१ सालीं दुसऱ्या सफरीवर निघतांना पॅरीनें हा धडा विसरला नाहीं. लिंबाचा रस या वेळीं बाटल्यांऐवजीं पिपांत भरला होता, आणि तो सहजासहजीं गोठूं नये म्हणून त्यांत रम मिसळली होती. पोटांत जाणाऱ्या द्रवाला थंडीपासून राखावयाचें तर त्यांत मिसळावयाचा पदार्थ निरुपद्रवी असला पाहिजे, हें तत्त्व येथें व्यवहारांत आलेलें दिसतें. याच तत्त्वाचा पुढें विसर पडला तेव्हां काय झालें, तें यथावकाश येईल.

आतां प्रत्यक्ष ऊन पाण्याकडे वळूं. इंग्लंडांतील कालव्यांवर माल वाहणाऱ्या अरुंद नौकांत एकोणिसाव्या शतकापासून कुटुंबेंच्या कुटुंबें राहत. सुमारें दहा फूट लांबीच्या खोपटांत कोळशाची चूल, तिच्यावर किटली, आणि छपरावर रंगीत फुलें काढलेला पाण्याचा डबा, एवढाच त्यांचा पाण्याचा संसार. त्या डब्यांत नळ नव्हता, झडप नव्हती. म्हणून फुटण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. कालवा गोठला म्हणजे बर्फ फोडणारी नौका येई. पुढें घोडे ती ओढीत आणि वर मधल्या दांडीला धरून उभे असलेले लोक तिला डावी-उजवीकडे डोलवीत. १९६२-६३ चा हिंवाळा असा आला कीं, कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले. आधींच खालावलेला हा मालवाहतुकीचा धंदा त्यानंतर बहुतेक संपुष्टांत आला.

धंदा गेला, पण नौका राहिल्या. १९४६ मध्यें रॉबर्ट ऐकमन आणि एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकारानें अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि कालव्यांवर हौसेनें फिरणारे व राहणारे लोक वाढूं लागले. या नव्या रहिवाशांना छपरावरील डबा पुरेना. त्यांना तोटी फिरवितांच ऊन पाणी हवें होतें. त्याची सामग्री जमिनीवर आधींच तयार झाली होती. १८६८ मध्यें लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानें गॅसवर वाहतें पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडांतील उष्ण कारंज्यावरून त्याला 'गीझर' असें नांव दिलें. तोच शब्द आज मराठी न्हाणीघरांत रुळला आहे. १८८९ मध्यें नॉर्वेंत जन्मलेल्या एडविन रूड यानें अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें सांठ्याचें पाणी आपोआप तापतें ठेवणारी टाकी तयार केली. नौकेवर याला आणखी एक युक्ति जोडली गेली. नौकेचें एंजिन थंड ठेवण्यासाठीं त्याच्याभोंवतीं जें पाणी खेळवितात, तें तापलेलें पाणी एका वेटोळ्यांतून टाकीच्या आंत फिरवावयाचें, म्हणजे वायां जाणारी उष्णता स्नानाच्या उपयोगी पडते. या टाकीला 'कॅलॉरिफायर' म्हणतात. ज्यांनीं तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना तिची कल्पना सहज येईल: बंबांत मधल्या नळांतून विस्तवाची धग जाते, येथें मधल्या वेटोळ्यांतून एंजिनाचें ऊन पाणी जातें. मात्र बंब वरून उघडा असतो, आणि ही टाकी सर्व बाजूंनीं बंद व दाबाखालीं असते. सुखाबरोबर जोखीम आली ती येथूनच.

शरद ऋतूंत ही सर्व योजना रिकामी करतात. टाकी खालून उघडतात, तोट्या उघड्या ठेवतात, पंपांतील पाणी काढून टाकतात. जें पाणी उतारानें निघत नाहीं त्याच्यासाठीं न गोठणारा द्रव नळांत भरतात. या द्रवाचा इतिहास सावधगिरीनें सांगण्यासारखा आहे. १८५६ मध्यें शार्ल आदोल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें एथिलीन ग्लायकॉल तयार केलें आणि १८५९ मध्यें त्याचेंच भावंड असें प्रॉपिलीन ग्लायकॉल. पहिलें पुढें मोटारींच्या एंजिनांत न गोठणारा द्रव म्हणून सर्वत्र रूढ झालें. तें गोडसर आहे आणि विषारी आहे. त्याच कुळांतील डायएथिलीन ग्लायकॉल हें तसेंच गोडसर व तसेंच घातक. १९३७ मध्यें अमेरिकेंत एका औषधाला पातळ रूप देण्यासाठीं तें वापरलें गेलें आणि शंभराहून अधिक माणसें, त्यांत कित्येक बालकें, मेलीं. त्या आघातानंतर १९३८ मध्यें तेथें औषधांचा नवा कायदा झाला. मुंबईलाही हें विष अपरिचित नाहीं. १९८६ मध्यें शहरांतील एका सरकारी रुग्णालयांत या द्रवाची भेसळ असलेलें ग्लिसरीन दिलें गेल्यामुळें चौदा रोगी दगावले, आणि त्याची चौकशी न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें केली. म्हणून नौकेवरील नियम कडक आहे: एंजिनाच्या बंद वळशांत एथिलीन ग्लायकॉल चालेल, ज्या नळांतून पिण्याचें व स्नानाचें पाणी यावयाचें, त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलच हवें, आणि तेंही वसंतांत धुऊन काढलें पाहिजे. पॅरीच्या पिपांतील रमची गोष्ट येथें पुन्हां आठवते.

वसंतांत नौकेला ऊन पाणी परत देण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि क्रमाला कारण आहे. प्रथम विस्तव नव्हे, पाणी. आणि तें थंड. रिकाम्या टाकींतील विजेची तापक कांडी चालू केली तर ती थोड्याच वेळांत जळून जाते. म्हणून सर्व तापविणारीं साधनें बंद ठेवून आधीं शरदांत उघडलेलीं बुचें लावतात आणि पंपाची गाळणी पाहतात. कारण तिच्या पेल्यांत पाणी राहून तो तडकलेला असण्याचा संभव अधिक. न गोठणारा द्रव टाकींत वृथा भरूं नये म्हणून शरदांत टाकी वगळून नळ परस्पर जोडलेले असतात. ती जोडणी पूर्ववत् करणें विसरलें, तर ऊन पाण्याच्या तोटीला थंडच पाणी येतें आणि टाकी कोरडी राहते. यानंतर पंप सुरू करून ऊन पाण्याच्या सर्व तोट्या उघडतात. आरंभीं त्या फुरफुरतात आणि थुंकतात. ती आंतली हवा. धार अखंड झाली म्हणजे टाकी भरली असें समजावयाचें. मग तोट्या बंद करावयाच्या आणि स्वस्थ ऐकत बसावयाचें. दाब भरतांच पंप थांबला पाहिजे. कोणी तोटी उघडली नसतां तो मधूनच पुन्हां चालू झाला, तर कोठें तरी पाणी गळत आहे. हिंवाळ्यांत बर्फानें झांकून ठेवलेली भेग अशी आवाजावरून सांपडते. मग प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून जागा निश्चित करतात.

गळती नाहीं अशी खात्री झाल्यावर नळ धुऊन काढतात, क्लोरीनयुक्त पाणी कांहीं तास आंत ठेवतात आणि तेंही ओतून देऊन पुन्हां धुतात. नंतर संरक्षक झडपेची पाळी. या झडपेचें कुळ दनी पापँ या फ्रेंच संशोधकापर्यंत पोंचतें. त्यानें १६७९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें बंद भांड्यांत वाफेच्या दाबानें हाडें शिजवून दाखविलीं, आणि तें भांडें फुटूं नये म्हणून वजनाच्या दांडीनें दाबलेली झडप त्यावर बसविली. नौकेवरील टाकीला तिची गरज काय, तें साध्या हिशेबानें कळतें. १० अंशांचें शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविलें तर तें सुमारें पावणेदोन लिटरनें वाढतें. बंद टाकींत या पाण्याला जागा नाहीं. झडपेनें वाट दिली नाहीं तर टाकी स्वतः वाट काढील. हिंवाळाभर न हललेली झडप क्षारानें चिकटून बसते. म्हणून तिची मूठ फिरवून पाणी सुटतें व पुन्हां नीट बंद होतें हें पाहिल्याशिवाय तापविण्यास आरंभ करीत नाहींत. एंजिनाकडील वळशांतही पाण्याची पातळी पाहून अडकलेली हवा सोडावी लागते. नाहीं तर एंजिन तापतें आणि टाकी थंडच राहते. जेथें गॅसचें यंत्र आहे तेथें धुराडें साफ करणें हें तर प्राणाचेंच काम. हिंवाळ्यांत पक्ष्यांनीं किंवा कोळ्यांनीं तें बुजविलेलें असलें, तर वास आणि रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायु लहानशा खोलींत भरतो, आणि निजलेला मनुष्य उठत नाहीं.

इतकें झाल्यावर शेवटीं विस्तव. पण किती? येथें दोन भयांमधून वाट काढावी लागते. १९७६ च्या जुलैंत फिलाडेल्फिया येथें अमेरिकन माजी सैनिकांचें अधिवेशन भरलें होतें. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूमोनियासारख्या एका अज्ञात रोगानें एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ जण दगावले. १९७७ च्या जानेवारींत जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनीं त्याचा जंतु ओळखला. लिजनेला असें त्याचें नांव पडलें. कोमट, सांचलेल्या पाण्यांत हा जंतु वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासांत शिरतो. महिनोन् महिने निजलेली कोमट टाकी आणि स्नानाचा फवारा यांपेक्षां त्याला सोयीची जागा कोणती? ६० अंशांवर तो टिकाव धरीत नाहीं. म्हणून टाकी तितकी तापवावी लागते. परंतु १९४७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या संशोधनाप्रमाणें ६० अंशांचें पाणी सुमारें पांच सेकंदांत मनुष्याची त्वचा खोलवर भाजतें, आणि बालकाची तर त्याहूनही लवकर. एंजिनानें तापलेली टाकी याच्याही पुढें जाऊं शकते. यावर तोड अशी काढली आहे कीं, टाकी पूर्ण तापवावी, आणि तिच्या तोंडाशीं थंड पाणी आपोआप मिसळणारी झडप बसवून तोटीपर्यंत सोसेल तितकेंच ऊन पाणी पोंचवावें. हिंवाळ्यानंतर ही झडपही क्षारानें अडलेली असूं शकते; म्हणून पहिल्या दिवशीं पाण्याखालीं आधीं उष्णतामापक धरतात, हात मागाहून.

असा हा क्रम आहे: बूच, पाणी, कान, झडप, धुराडें आणि मग विस्तव. तो कोणा एका पंडितानें बसून रचलेला नाहीं. बिओशियांतील एका शेतकऱ्याची काटकसर, क्वेबेकच्या थंडींत फुटलेले गोळे, मेलव्हिल बेटावर वायां गेलेला लिंबाचा रस, अमेरिकेंतील व मुंबईंतील औषधाच्या बळी आणि फिलाडेल्फियाचे माजी सैनिक, या सर्वांची भर त्यांत पडलेली आहे. वसंतांतील एखाद्या सकाळीं कालव्याच्या कांठीं नौकेची गृहिणी तोटी फिरविते आणि वाफाळलेलें पाणी भांड्यांत पडतें, तेव्हां यांपैकीं कोणाचेंही नांव तिच्या मनांत येत नसेल. नांव आठवण्याची गरजही नाहीं. क्रम पाळला म्हणजे त्यांचें ऋण फिटलें.